हो, नाही, हो

९ जानेवारी

रक्तदाब जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, सकाळी एक गोळी घ्या आणि राग आला की बोलायच्या आधी लिहून काढा. गोळीचं समजलं. लिहून काय होणार ते समजलं नाही. बायकोने मात्र संध्याकाळीच ही वही आणून हातात दिली. जाड पुठ्ठ्याची आहे, मागच्या पुठ्ठ्याला आतून कागद ठेवायला खिसा आहे. "तुमचं तोंड बंद राहणार असेल तर दर महिन्याला एक आणून देईन," म्हणाली. मुलगी फिदीफिदी हसली. तिला आता पंधरावं लागलंय, तिला सगळ्याचंच हसू येतं.

नियम पहिला: ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. दोघींना बजावून सांगितलंय.

आता मुद्द्याचं. वीस वर्षं मी लिफ्टची कामं करतोय. आधी बसवायची, आता तपासायची. कंपनीने परदेशातल्या शाखेत तपासणीचा प्रमुख म्हणून बोलावलंय. पाच वर्षं, कुटुंबासह. आमचे वरिष्ठ म्हणाले, "घराबिराची चिंता करू नका, मी आहे ना." ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मी आहे ना' म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना आहेनासाहेब म्हणतो. अर्थात त्यांच्या माघारी.

परवा रविवारी घरात मतदान. आमच्याकडे मोठं काहीही ठरवायचं तर चिठ्ठ्या टाकायच्या, ही पद्धत मीच पाडली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात तिघांनी एकेक चिठ्ठी टाकायची. मी एकेक उघडून वाचतो आणि वाचून झाल्या की सगळ्यांसमोर फाडतो. कोणी काय लिहिलं हे कोणी विचारायचं नाही. मांजर पाळायचं की नाही, टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा, सगळं याच डब्याने ठरवलंय. माझ्या मित्रांच्या घरी बाप बोलेल तो कायदा असतो. आमच्याकडे तसं नाही.

खरं लिहायचं तर साहेबांना मी मंगळवारीच होकार कळवलाय. घरचे नाही कशाला म्हणतील?

११ जानेवारी

केसाने गळा कापला. माझ्याच घरात, माझ्याच डब्यात!

पहिली चिठ्ठी उघडली ती माझी होती, हो. दुसरी उघडली. नाही. बारीक, नीटस अक्षर. बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, तिचं सगळंच तसं कोरून काढल्यासारखं असतं. तिसरी उघडली. नाही, आणि खाली दोन रेघा. मुलगी लहानपणापासून तशाच मारते. एक रेघ पुरली नसती?

वीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावर, लिफ्टच्या तेलकट खड्ड्यांत लटकलो ते कोणासाठी? आणि या दोघी एका शब्दाने विचारत नाहीत, बाबा तुम्हाला काय वाटतं. सरळ नाही. समोर साहेबांना दिलेला शब्द. कानशिलं तापली. बोललो असतो तर डॉक्टरांचं औषध वाया गेलं असतं.

म्हणून नुसतं वाचलं. "हो. नाही. हो."

एक 'नाही' तसंच ठेवलं, कारण तिन्ही हो वाचले असते तर दोघीही जागेवर उठून उभ्या राहिल्या असत्या. एखादं विरुद्ध मत असलं की निकाल खरा वाटतो. शिवाय प्रत्येकीला आपलं 'नाही' मोजलं गेल्याचं समाधान. कोणाचंच नुकसान नाही.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बायको डब्याचं झाकण हातात घेऊन थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "ठरलं तर."

चिठ्ठ्या फाडल्या. दोन रेघांची तेवढी फाडवली नाही. बोटांत लपवून ठेवली, आता मागच्या खिशात टाकलीय. का ठेवली माहीत नाही.

२३ जानेवारी

मायलेकींचं बिनसलंय. कारण कळत नाही. एरवी दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास खिदळायच्या, मला आत जायची चोरी. आता 'मीठ दे', 'घे' एवढंच.

बायकोने लॅबमध्ये राजीनामा दिला. पंधरा वर्षांची नोकरी. दाताचा रंग जुळवायला तिच्यासारखं दुसरं कोणी नाही, म्हणून तिला विभागप्रमुख करणार होते म्हणे. मला हे आत्ता कळलं. "मग आधी बोलली का नाहीस?" विचारलं. म्हणाली, "तिला जायचंय ना. मुलीच्या आड मी कशाला येऊ?"

मी चहा संपवला.

आणि मुलीने रिलेच्या संघातून नाव काढून घेतलं. चार मुलींत ही तिसरी धावायची, संघ मोठ्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता. त्यांच्या बाई घरी फोन करून रडल्या. मी मुलीला म्हटलं, वाईट वाटत असेल ना. तर म्हणते, "आईला हवंय ना बाहेर जायला, जाऊ या की. माझं काय."

दोघी एकमेकींसाठी तयारीला लागल्यात, बॅगा भरल्या जातायत, काम पुढे सरकतंय. अशा वेळी मधे तोंड घालणारा शहाणा नव्हे.

३ मार्च

पोहोचलो. आहेनासाहेबांनी पाठीत सुरा खुपसला. "घर तयार आहे" म्हणजे काय, तर एकवीस दिवसांपुरती दोन खोल्यांची जागा. सहाव्या मजल्यावर. तोवर आपलं आपण शोधा. फोन केला तर म्हणाले, "शोधून देणाऱ्या बाई आहेत, पत्ता पाठवतो." 'मी आहे ना' म्हणाले नाहीत. ते इथपर्यंत पोहोचत नसावं.

विश्वास ठेवायचा तरी कोणावर? माणूस देश सोडून, बायकामुलं घेऊन येतो, आणि हे लोक एका ओळीत हात झटकतात. शब्द दिला म्हणजे दिला. इतकं साधं असतं.

खोलीत दोन पलंग आणि एक सोफा. मायलेकींनी एका पलंगावर निजायला नकार दिला. मुलगी सोफ्यावर झोपते. या इमारतीची लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते. बायको पहिल्याच दिवशी ठेचकाळली.

७ मार्च

घरं बघायला सुरुवात. घर दाखवणाऱ्या बाईंच्या कमरेला हाताएवढा चाव्यांचा जुडगा असतो, आम्ही त्यांना चावीबाई म्हणतो. उंच, चष्मा, सतत घाईत. त्यांचं बोलणं मुलीला सगळ्यांत जास्त कळतं.

पहिलं घर माझ्या कामाच्या डेपोला लागून. तळमजला, खिडकीबाहेर भिंत. नळाला गंजाचं पाणी. मुलगी म्हणाली, "इथे दिवसा पण दिवा लावावा लागेल." चावीबाई म्हणाल्या, दिवे उत्तम आहेत.

दुसरं घर अकराव्या मजल्यावर. नवी इमारत. मी चावीबाईंना सांगून आधी गच्चीवरची यंत्राची खोली उघडायला लावली. काय सांगू! दोर नवे कोरे, ब्रेकच्या पट्ट्या स्वच्छ, देखभालीची नोंदवही तारखेनिशी भरलेली. लिफ्टच्या डब्यात उभं राहून चाललोय की थांबलोय कळत नव्हतं. मी चार वेळा वर-खाली केलं. माझा नियम आहे, इमारत कशी आहे हे लिफ्टला विचारावं. तिला थापा मारता येत नाहीत.

बायको आणि मुलगी तोवर अकराव्यावर गॅलरीत उभ्या होत्या. दोन टोकांना दोघी. खाली मोठा रस्ता, शाळा बसने पाऊण तास. "आवडलं?" विचारलं. बायको म्हणाली, "हिला आवडलं असेल तर." मुलगी म्हणाली, "मला काय विचारता? आईला विचारा."

मी ठरवलं, हेच घर.

१० मार्च

तिसरं घर. खरं तर बघायचंच नव्हतं, पण चावीबाईंनी वाटेत आहे म्हणून गाडी थांबवली. जुनी, दोन मजल्यांची इमारत. लिफ्टच नाही! अडतीस पायऱ्या मोजल्या. जिन्याचा कठडा हलतो. मी खालीच थांबणार होतो.

वर गेल्यावर बायको थेट कोपऱ्यातल्या मोठ्या खिडकीपाशी गेली. पर्समधून तिने ती दातांच्या रंगांची पट्टी काढली, नमुन्याचे सोळा दात ओळीने लावलेले असतात ती. इथवर बरोबर आणलीय, मला माहीतच नव्हतं. एकेक दात उजेडात धरून बघत बसली. मी म्हटलं, "आपण घर बघायला आलोय की कवळी?" ती हसली नाही. पट्टी परत पर्समध्ये ठेवली.

मुलगी दिसेना. खिडकीतून बघितलं तर समोरच्या शाळेच्या मैदानाला कुंपण आहे, त्याला नाक लावून उभी. आत काही मुली पळत होत्या.

मुलगी वर आली तशी बायको तिला म्हणाली, "बघ, शाळा समोरच आहे. झालं ना तुझ्या मनासारखं? तुझ्यासाठीच आलो ना आपण." मुलगी एकदम भडकली. "माझ्यासाठी? मी कधी म्हटलं? तूच तर—"

मी मोठ्याने खोकलो. चावीबाईंना विचारलं, पाण्याची टाकी कुठे आहे, किती लिटरची आहे, शेवटची धुतली कधी. त्या गोंधळल्या, पण विषय बदलला. शर्ट पाठीला चिकटला होता. जिने चढल्याचा परिणाम. माणसाने लिफ्टशिवाय राहू नये ते यासाठीच.

१३ मार्च

शाळेच्या अर्जाला मुलीचे फोटो हवे होते आणि मी नेमका नवव्या आणि दहाव्या मजल्यांच्या मधे, डब्याच्या छतावर. फोनवर सांगितलं, माझ्या वहीच्या मागच्या खिशात आहेत, घे. पण वही वाचायची नाही. "नाही वाचत, बाबा," म्हणाली. मुलगी शब्दाची पक्की आहे, त्याबद्दल माझी खात्री आहे.

आता बघतो तर खिसा रिकामा. चारही फोटो नेले. दोन पुरले असते.

१५ मार्च

शेवटी हवा मानवली म्हणायची! संध्याकाळी आलो तर मायलेकी एकाच पलंगावर, एकाच पांघरुणात. दोघींचे डोळे लाल. सर्दी झालीय म्हणाल्या. मी आल्यावर गप्प झाल्या, पण ते गप्प होणं जुन्या पद्धतीचं होतं, मला आत जायची चोरी असायची तसं. मुलीने सोफ्यावरची उशी उचलून पलंगावर नेलीय. बायको तिच्या केसांतून हात फिरवत होती.

मी सांगत होतो ना, वेळ जाऊ दिला की सगळं आपोआप रुळावर येतं.

कामावर मात्र डोकं फिरलं. एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये आकडा तीन दाखवतो आणि डबा असतो चौथ्यावर. तिथला माणूस म्हणतो, एका मजल्याचाच तर फरक आहे, लोकांना सवय झालीय. मी त्याला असा झाडला की दुभाष्याने अर्धं सांगितलंच नसावं. अरे, माणसं त्या आकड्यावर विसंबून पाऊल टाकतात! आकडा खोटा दाखवणं हा काय लहान गुन्हा आहे? लिफ्ट बंद करूनच आलो.

१७ मार्च

आज सकाळी बायकोने स्वतःहून डबा काढून टेबलावर ठेवला. "घराचं मतदान करून टाकू. जागा सोडायला आठवडा राहिला." मुलीने तीन सारखे कागद कापले. मला बरं वाटलं. परक्या देशात आपली पद्धत टिकून आहे.

मी 'दोन' लिहिलं, म्हणजे अकरावा मजला. डबा हलवला. उघडला. पहिली चिठ्ठी कोरी.

उलटून बघितली. पाठ कोरी. दुसरी उघडली, तीही कोरी. तिसरी माझी.

समोर दोघी बसलेल्या. हात मांडीवर. माझ्याकडे बघत होत्या, नुसत्या बघत होत्या. मला वाटलं विसरल्या असतील, पेन चाललं नसेल. मग वाटलं, कोरी म्हणजे काहीही चालेल. कोऱ्या चिठ्ठीचा अर्थ दुसरा काय होतो? तुम्ही ठरवाल ते. मग मी ठरवलं. एखादं विरुद्ध मत हवंच, म्हणून:

"दोन. तीन. दोन."

आणि सवयीप्रमाणे फाडायला घेतल्या.

बायको मुलीला म्हणाली, "तू तीन लिहिलंस?"

"नाही. तू दोन लिहिलंस?"

"नाही."

मग मुलीने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर माझ्यासमोर उलगडून ठेवला. नाही. खाली दोन रेघा.

पुढचं आत्ता लिहिवत नाही. गोळी दोनदा घेतली का एकदा, आठवत नाही.

१८ मार्च

कालचं लिहितो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.

मी पहिल्यांदा ओरडलो ते वहीवरून. माझी वही वाचली! बापाची वही! मुलगी म्हणाली, "वाचली नाही, बाबा. तुम्हीच सांगितलं फोटो घे. फोटोंना चिकटून आली. एक पान उघडलं नाही मी." आणि मला माहीत आहे, ती खरं बोलते. म्हणून आणखी राग आला.

मग म्हटलं, हा सापळा होता. आपल्याच माणसाला कोऱ्या चिठ्ठ्या टाकून पकडायचं, तो काय करतो ते समोर बसून बघायचं. पोलिससुद्धा असं करत नाहीत. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी राबलो त्यांनी माझी परीक्षा घ्यावी?

बायको शांतपणे बोलत होती. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "सापळा नव्हता हो. हिला चिठ्ठी सापडली, तिने मला दाखवली. मी म्हटलं, मीही नाहीच लिहिलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो. दोन महिने मी या पोरीवर मनातल्या मनात चिडत होते, की आईचा एवढासाही विचार केला नाही हिने. आणि ही माझ्यावर. तरी आम्ही ठरवलं, तुम्हाला एकदम विचारायचं नाही. कोऱ्या टाकू. वाटलं, कोऱ्या बघून तरी म्हणाल, 'अरे, यांच्यावर तर काहीच नाही.' एवढंच म्हटलं असतं ना, तर मी ती जुनी चिठ्ठी फाडून टाकणार होते. तुमच्यासमोरच."

मी म्हटलं, "हे सगळं तुमच्या भल्यासाठी."

"मग मंगळवारी होकार कळवलात तेही आमच्या भल्यासाठी?"

हे हिला कसं कळलं? आहेनासाहेबांनी निरोपाच्या दिवशी सांगितलं म्हणे, 'ह्यांनी तर मंगळवारी, विचारल्या क्षणी हो म्हटलं'. म्हणजे तोही फितूर. आणि ही जानेवारीपासून—नाही, फेब्रुवारीपासून—हे पोटात ठेवून बसली. मला एका शब्दाने बोलली नाही. नवरा-बायकोत अशी लपवाछपवी?

सगळ्यांनी मिळून मला एकटं पाडलंय.

२० मार्च

तीन दिवस झाले, घरात 'मीठ दे', 'घे' सुरू आहे. पण आता ते माझ्याशी.

मी म्हटलं, बरं, चुकलं. परत जाऊ. बायको म्हणाली, "कुठे परत? माझ्या जागेवर दुसरी घेतली. हिच्या जागी दुसरी मुलगी धावते. तिथलं घर तुम्ही भाड्याने दिलंत." बोलता बोलता ती भांडी पुसत होती. "आम्ही दोघी तिसरं घर घेतोय. चावीबाईंना फोन केला मी. तिथे खिडकीपाशी उत्तरेचा उजेड आहे, दाताचा रंग दिवसभर तस्साच दिसतो. इथल्या एका लॅबला मी घरून काम करू का विचारलंय. आणि हिला समोरच्या मैदानावर शाळेतल्या बाईंनी उद्या पळून दाखवायला बोलावलंय."

आम्ही दोघी. दोनदा म्हणाली.

"आणि मी?"

"ते उद्या ठरवू," म्हणाली. "डब्याने."

मला हसायला आलं, खरंच आलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

२१ मार्च

प्रश्न मुलीने मोठ्याने वाचला. "बाबांनी आपल्याबरोबर तिसऱ्या घरात राहायचं का?" नाही तर या सहाव्या मजल्यावरच्या जागेची मुदत कंपनी मला एकट्यासाठी वाढवून देते, ते बायकोने विचारून ठेवलं होतं.

मला चिठ्ठी दिली, मताचा अधिकार शाबूत ठेवला, हेही काही कमी नाही. मी लिहिलं, हो. खाली दोन रेघा मारल्या. बायकोने हाताचा आडोसा करून लिहिलं. मुलीने पाठ फिरवून.

डबा मी हातात घ्यायला गेलो. मुलगी म्हणाली, "नाही बाबा. आजपासून मी वाचणार."

तिने एकेक उघडली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हे कुठे शिकली कोण जाणे.

"हो," म्हणाली. "नाही." मधे थांबली. "हो."

आणि तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून बारीक बारीक फाडल्या. माझ्यासमोर.

बायको म्हणाली, "ठरलं तर," आणि कपाट रिकामं करायला उठली. मी थोड्या वेळाने कचऱ्याची टोपली बघायला गेलो. कपटे जुळवून बघावेत असं मनात होतं. टोपलीला नवी पिशवी लावलेली होती. जुनी कोणी तरी खाली टाकून आलं होतं.

२५ मार्च

अडतीस पायऱ्या, सामानाच्या चौदा फेऱ्या. कठडा मी घट्ट करून घेतला. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण हलत होता.

दिवसभर एकच विचार. त्यातलं एक 'हो' माझं. मग 'नाही' कोणाचं? बायकोचं म्हणावं, तर सकाळी तिनेच माझी गोळी काढून पाण्याच्या पेल्यापाशी ठेवली होती. मुलीचं म्हणावं, तर तिने माझे हत्यारांचे खोके स्वतः उचलून वर आणले. मग वाटतं, दोघींनीही 'नाही' लिहिलं असेल आणि पोरीला दया आली असेल. किंवा दोघींनीही 'हो' लिहिलं असेल, आणि तिने मुद्दाम मधे एक 'नाही' घातलं. ते 'हो' वाचायच्या आधी ती थांबली का? अक्षर लागेना म्हणून? की ठरवत होती?

दुपारी बायको खिडकीत टेबल लावत होती, तेव्हा न राहवून विचारलं, "तू काय लिहिलं होतंस?"

"गुप्त मतदान आहे," म्हणाली. "नियम तुमचाच."

मुलीला विचारलं, "निकाल खरा वाचलास ना, बाळा?"

ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

हा काय न्याय झाला? माणसाने आयुष्यभर आपल्याच घरातल्या दोन तोंडांकडे बघून विचार करत बसायचं, यातलं कोणतं? एका घरात राहून असं कोणी जगू शकतं का? दोन महिने, निदान दोन महिने तरी—

लिहायचं थांबवलं होतं. नंतर पुढे.

डबा मी माळ्यावर टाकायला निघालो होतो. मुलीने हातातून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, सगळ्यांच्या हाताशी येईल असा ठेवला.

संध्याकाळी नव्या घरात पहिल्यांदा जेवायला बसलो. दोघी एकमेकींना वाढत होत्या, मैदानावरच्या कुठल्या तरी मुलीची नक्कल चालली होती, हसत होत्या. मी ताटाकडे बघत जेवत होतो. ताट रिकामं झालं. मागावं की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात कोणी तरी वाढलं. हात कोणाचा होता, ते वर बघितलं असतं तर कळलं असतं. मी वर बघितलं नाही.